यष्टीमागची जागा

आमच्या गावाचे नाव वरठी. परंतु आगगाडीने येणाऱ्या मनुष्यास ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. नागपुराहून गोंदियाकडे जाणारी गाडी आमच्या शिवारात थांबते खरी, पण फलाटावरची पाटी वाचावी तर तिच्यावर ‘भंडारा रोड’ अशी अक्षरे. भंडारा शहर तेथून काही कोस दूर, वैनगंगेच्या काठी. जमीन आमची, रात्रीचा खडखडाट आमच्या झोपेत, आणि नाव तेवढे दुसऱ्याचे, या अन्यायाचा लहानपणी आम्हांस फार संताप येई. पुढे केस पांढरे झाल्यावर असे ध्यानात आले, की जगातील पुष्कळशी उपयुक्त स्थानके अशीच परनावाने चालतात, आणि त्यांवर उतरलेला प्रवासी पाटीखालचे गाव कोणते याची चौकशी करण्यासाठी थांबत नाही. असो.

हे सारे पुन्हा सुचण्यास निमित्त झाले ते एका परदेशी खेळाडूविषयी वाचलेल्या लहानशा लेखाचे. आपल्या देशाकडून रग्बी खेळलेला हा गृहस्थ आता खेळणे सोडून शिकविण्याकडे वळला होता. रग्बी हा खेळ आमच्या भागात कोणी खेळत नाही. लंबगोल चेंडू काखेत मारून धावावयाचे आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घालून त्या धावणारास भुईवर लोळवावयाचे, असे त्याचे वर्णन केले तर आमच्याकडील पोरे म्हणतील, की हा तर चेंडू घेऊन खेळलेला हुतूतूच! तथापि या खेळाचे आणि आपल्या देशाचे एक जुने देणेघेणे आहे. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बीचा क्लब १८७८ च्या सुमारास मोडला, तेव्हा पेढीवर शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक पेला घडविला व विलायतेस पाठविला. त्या पेल्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची झुंज आजतागायत चालू आहे. मोडलेल्या संस्थेची शिल्लक इतकी वर्षे उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

याच खेळात इंग्लंडकडून खेळलेल्या क्लाइव्ह वुडवर्ड यांनी पुढे इंग्लंडच्या संघाचे शिक्षकपद पत्करले आणि २००३ साली त्याच संघास जगज्जेतेपद मिळवून दिले. अशी उदाहरणे वाचली म्हणजे सामान्य मनुष्याच्या मनात एक सरळ गणित तयार होते. जो उत्तम खेळला तो उत्तम शिकवील. कारण जे आपल्यापाशी आहे तेच दुसऱ्यास द्यावयाचे, त्यात अडचण ती काय? हे गणित आम्हीही पुष्कळ वर्षे बरोबर धरून चाललो होतो. ते चुकले कोठे, हे सांगण्यासाठी आम्हांस स्वतःची थोडी हकीकत सांगावी लागेल, आणि ती फारशी भूषणावह नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

तरुणपणी आम्ही क्रिकेट बरे खेळत असू. ‘बरे’ हा शब्द येथे विनयाने घातलेला नाही; तो मोजून घातला आहे. नागपुरास विद्यापीठाच्या संघाच्या निवडीपर्यंत आमची मजल गेली, आणि तेथून ती परत फिरली. फलंदाजीत एक फटका मात्र आम्हांस ईश्वरी देणगीसारखा येत असे. चेंडू किंचित आखूड पडला, की मागल्या पायावर जाऊन तो पंचाच्या उजव्या हाताकडील कुंपणाकडे असा निघून जाई, की मारताना हातास काही लागल्याचेही कळू नये. शाळेत नोकरी धरल्यावर संघ शिकविण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. मुले विचारीत, “सर, तो चेंडू तुम्ही कसा मारता?” आम्ही बॅट हाती घेत असू आणि मारून दाखवीत असू. “असा.” मुले पुन्हा विचारीत. आम्ही पुन्हा मारून दाखवीत असू. “असा, असा!” आमचे सर्व अध्यापनशास्त्र त्या दोन अक्षरांत सामावले होते. मुलांस तो फटका शेवटपर्यंत आला नाही. त्यांच्या बुद्धीविषयी आम्ही त्या काळी जी मते बनविली ती येथे लिहिण्यासारखी नाहीत.

तालमीतील वस्तादांविषयी आपल्याकडे एक लोककथा सर्वतोमुखी आहे. वस्ताद पठ्ठ्यास सगळे डाव शिकवितो, परंतु एक राखून ठेवतो. आणि पठ्ठा उन्मत्त होऊन अंगावर आला, की त्या राखलेल्या डावाने त्यास चीत करितो. आमची गोष्ट या कथेच्या नेमकी उलटी होती. राखून ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नव्हता. देण्याची इच्छा पुष्कळ होती. पण जे येत होते ते हातास येत होते, जिभेस येत नव्हते. तेव्हा एक सोडून सगळेच डाव आपोआप राखलेले राहिले. खेळणाऱ्याचे ज्ञान आणि शिकविणाऱ्याचे ज्ञान या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे अमरावतीच्या वैद्य बंधूंसारख्या माणसांनी केव्हाच ओळखले होते. १९१४ साली त्यांनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने केवळ पहिलवान घडविले नाहीत, तर व्यायामाचे शिक्षक घडविण्याचे काम हाती घेतले. आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळ जगास दाखविणारी मंडळी याच विदर्भातून गेली. इतकी मोठी पाठशाळा आमच्या प्रांतात असता आम्ही मात्र ‘असा, असा’ करीत राहिलो, याला काय म्हणावे!

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या शिवाजी पार्कवर होते. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम दर्जाचा सामना उभ्या आयुष्यात एकच. देशाकडून खेळण्याची गोष्ट तर दूरच. पण त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित असे खेळाडू बाहेर पडले. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून, ‘जो याला बाद करील त्याचे नाणे, बाद झाला नाही तर नाणे याचेच’ ही त्यांची युक्ती आता पोराबाळांसही पाठ आहे. आम्हांस त्या युक्तीत विशेष वाटते ते असे, की तीत शिक्षकाने एक शब्दही बोलावयाचा नसतो. शासनाने १९८५ साली क्रीडाशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला व त्यास द्रोणाचार्यांचे नाव दिले. तो आचरेकरांना १९९० साली मिळाला. नाव देणारास एकलव्याची आठवण झाली नसेल काय, असे आमच्या मनात नेहमी येते. कदाचित झालीही असेल. शिकविणारास मान देताना, तो शिष्याचा अंगठाही मागू शकतो याची जाणीव त्यास त्याच नावाने राहावी, असा तर हेतू नसेल? हेतू असो वा नसो. आम्हांस तरी ती जाणीव फार उशिरा झाली.

आचरेकरांच्या या शिष्यांपैकी चंद्रकांत पंडित यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. कारण त्यांचे आणि आमच्या विदर्भाचे नाते जडले ते त्यांच्या खेळाडूपणामुळे नव्हे, शिक्षकपणामुळे. देशासाठी ते १९८६ ते १९९२ या काळात पाच कसोटी सामने खेळले व एकदिवसीय सामने छत्तीस. मुळात ते यष्टिरक्षक. परंतु लीड्स येथील आपल्या पहिल्याच कसोटीत त्यांना केवळ फलंदाज म्हणून उभे राहावे लागले, कारण हातमोजे किरण मोरे यांच्या हाती होते आणि पुढेही बव्हंशी ते तेथेच राहिले. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात, मुंबईस, त्यांना जागा मिळाली ती वेंगसरकर आजारी पडले म्हणून. ज्यास संघात आपली जागा आहे की नाही हे शेवटच्या घटकेपर्यंत ठाऊक नसते, अशा मनुष्याचे हे जिणे होते. वरवर पाहता हे दुर्दैव. परंतु आमच्या मते शिक्षकाची उमेदवारी ती हीच. ज्याचे नाव यादीत पहिलेच असते तो आपला खेळ पाहतो. ज्याचे असे नसते तो सगळ्यांचा खेळ पाहतो, कारण त्यास दुसरे करण्यासारखे काही उरत नाही.

शिवाय यष्टिरक्षकाची जागा कशी असते पाहा. मैदानावरील दहा खेळाडू फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. हा एकटा फलंदाजाच्या पाठीशी बसून बाकीच्यांकडे पाहत असतो. गोलंदाजाचा हात, फलंदाजाचा पाय, सीमेवरील पेंगणारा गडी, सारे त्यास एका नजरेत दिसते. प्रत्येक चेंडूस उठबस करावयाची, शंभर चेंडू नीट घेतले तर कोणी टाळी वाजवीत नाही, आणि एक सुटला तर सारे मैदान त्याच्याकडे वळून पाहते. आपल्याकडे संसारात काही बायकांच्या वाट्यास ही जागा येते, असे आमच्या घरातून आम्हांस एकदा ऐकविण्यात आले होते. ते आम्ही निमूटपणे ऐकून घेतले.

खेळाच्या उत्तरार्धात पंडित मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. १९९९ च्या एप्रिलात त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यासाठी बंगळुरास उतरला. कर्नाटकावर पहिल्या डावात पाऊणशे धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित जरी राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. परंतु शेवटच्या दिवशी दुसरा डाव कोसळला आणि शहाण्णव धावांनी हार पत्करावी लागली. कर्णधारास त्या दिवशी काय वाटले असेल त्याचे वर्णन करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हांस इतकेच ठाऊक आहे, की त्याच वर्षी, त्या सामन्याच्या दोन-तीन महिने आधी, आमच्याही हातून एक सामना गेला होता, आणि त्याबरोबर आणखी काही गेले होते.

आमच्या शाळेच्या संघात तेव्हा एक यष्टिरक्षक मुलगा होता, वय चौदा-पंधरा. बाप लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळीस जाई. या मुलाचे हात आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा चकित झालो. चेंडू त्याच्या हातात पडल्याचा आवाजच येत नसे. चौकशी करता असे कळले, की घरामागच्या झाडावर चढून मोठा भाऊ आंबे तोडून खाली टाकी आणि हा ते झेली. आंबा फुटला, तर आईचा मार दोघांस. आंबा फुटू नये म्हणून तो हातात येताच हात किंचित मागे न्यावयाचे, हे त्या पोरास कोणी शिकविले नव्हते. आईच्या भीतीने शिकविले होते. आज आम्हांस कळते, की यष्टिरक्षणातील सर्व विद्येचे मूळ ते हेच. चेंडूस अडवावयाचे नाही, त्याची अगवानी करावयाची. पण आम्ही पडलो फलंदाज. आम्हांस ते ढिलेपण वाटले. कोठल्याशा चित्रात पाहिलेली यष्टिरक्षकाची मुद्रा आमच्या डोळ्यांपुढे होती, आणि तिच्याप्रमाणे आम्ही त्या मुलास हात ताठ व पुढे ठेवावयास लावले. “हात पुढे! हात पुढे!” असे आम्ही तीन महिने ओरडत होतो. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने हात पुढे केले.

आंतरशालेय स्पर्धेचा सामना भंडाऱ्यास होता. प्रतिपक्षाचा शेवटचा गडी खेळत होता, जिंकावयास त्यांना थोड्या धावा हव्या होत्या, आणि चेंडू बॅटची कड घेऊन सरळ आमच्या मुलाकडे गेला. त्याचे हात आम्ही शिकविल्याप्रमाणे ताठ होते. चेंडू हातमोज्यांवर आपटला. त्याचा आवाज आम्हांस मंडपात ऐकू आला. आणि तो बाहेर पडला. पुढच्या दोन षटकांत सामना संपला.

सामना संपल्यावर आम्ही जे केले ते लिहिण्यास आजही हात अडखळतो. मुलाचा बाप रात्रपाळी संपवून, झोप न घेता, सायकल हाणीत वरठीहून भंडाऱ्यास आला होता व कडेला उभा होता. त्याच्यादेखत, सर्व मुलांदेखत, आम्ही त्या पोरास म्हणालो, की ज्यास झेल घेता येत नाही त्याने हातमोजे घालू नयेत. मुलगा रडला नाही. त्याने हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले, शाळेच्या पिशवीशेजारी आणून मांडले आणि बापाच्या सायकलीवर मागे बसून तो निघून गेला. बाप आम्हांस “येतो जी, सर” असे म्हणून गेला. त्या ‘जी’त काडीइतकाही राग नव्हता, आणि तेच आम्हांस पुढे अनेक रात्री पुरले. मुलगा त्यानंतर मैदानावर आला नाही. आम्ही बोलावणे पाठविले नाही. एकदा पाठवावेसे वाटले होते. परंतु शिक्षकाने विद्यार्थ्याकडे जावे, ही कल्पना आमच्या तेव्हाच्या ताठ्यास पेलली नाही. द्रोणाचार्यांनी निदान अंगठा मागून घेतला होता.

वर्षे गेली. आम्ही सेवानिवृत्त झालो. इकडे पंडित मुंबईचे शिक्षक झाले व २००२-०३ आणि २००३-०४ अशा दोन्ही वर्षी मुंबईने रणजी करंडक जिंकला. २०१५-१६ साली पुन्हा. आणि २०१७ साली ते विदर्भाकडे आले.

येथे विदर्भाच्या क्रिकेटविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा, १८९५ चा. पण त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते इंदूरच्या होळकरांच्या संघाशी. आमचे गुणी पुरुष दुसऱ्याच्या पाटीखाली उभे राहण्याची परंपरा ही अशी जुनी आहे. १९५७ पासून विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत त्याच नावाने उतरू लागला. आणि पुढली साठ वर्षे तो बहुधा अशा बेताने उतरे, की मोठ्या संघांनी येऊन धावा कराव्यात, बळी घ्यावेत व संत्री खाऊन परत जावे. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव २०११ साली कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाचा तो पहिलाच कसोटीपटू ठरला. यावरून काय ते समजावे.

पंडितांच्या पहिल्याच वर्षी त्या संघाने कलकत्त्यास उपान्त्य सामन्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरविले. पाच धावा! आमच्या वयाच्या माणसांनी असले सामने पाहू नयेत. अंतिम सामना दिल्लीशी. आणि मैदान कोणते, तर इंदूरचे, होळकरांच्या नावाचे. नागपूरचे नायडू जेथे गेले तेथे नागपूरचा संघ साठ वर्षांनी करंडक मागावयास गेला होता. स्थानकाबाहेरील चहाच्या दुकानात दूरदर्शन संच होता, आणि आम्ही त्या थंडीत तेथेच ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रजनीश गुरबानी या मुलाने एका षटकाच्या अखेरच्या दोन चेंडूंवर दोघांचे त्रिफळे उडविले आणि पुढल्या आपल्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर शतक काढून बसलेल्या ध्रुव शोरेचा. दुकानातील एकाच्या हातची कपबशी खाली पडली. पैसे कोणी मागितले नाहीत. पुढे यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने एकशे तेहतीस धावा काढल्या, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून सामना जिंकला.

त्या गर्दीत कोपऱ्यात एक तीस-पस्तिशीचा गडी उभा होता. वाडकर यष्टीमागे बसला, की हा मनुष्य नकळत गुडघे किंचित वाकवी. आम्ही त्या हालचालीवरून त्यास ओळखले. चेहऱ्यावरून ओळखला नसता. त्यानेही आम्हांस पाहिले असावे. आम्ही चहा न संपविता उठलो.

त्या दिवसांत पंडितांच्या कडक शिस्तीविषयी पुष्कळ लिहून येत असे, आणि ते वाचून आमच्या मनाने एक लबाडी केली. पाहा, एवढा मोठा शिक्षक कडक आहे. तेव्हा आम्ही कडक होतो यात वावगे ते काय? ही समजूत आम्ही वर्षभर उराशी बाळगली. पुढल्या वर्षी, २०१९ च्या फेब्रुवारीत, विदर्भाने नागपुरास सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. आदित्य सरवटे याने अकरा बळी घेतले व चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजास दोन्ही डावांत मिळून एका धावेपलीकडे जाऊ दिले नाही. वसीम जाफर यांनी वयाची चाळिशी ओलांडून त्या हंगामात हजाराहून अधिक धावा केल्या. आता क्रिकेटमध्ये शिक्षकाची सत्ता ती किती? खेळ चालू असता मैदानावर अधिकार कर्णधाराचा. शिक्षक बाहेर हात बांधून बसलेला. म्हणजे त्यास जे काही कडक व्हावयाचे ते आधीच, सामन्यापूर्वीच्या महिन्यांत व्हावे लागते, आणि चेंडू पडू लागला की मुलांच्या हाती सारे सोपवून गप्प राहावे लागते. आमचा कडकपणा झेल सुटल्यावर जन्मास आला होता. तीन महिने आम्ही जे चूक शिकविले त्याचे फळ एका क्षणात पदरी पडले, आणि ते आम्ही त्या पोराच्या पदरात बांधून मोकळे झालो. शिस्त आणि सूड यांचा पोशाख दुरून सारखाच दिसतो.

२०२२ च्या जूनमध्ये पंडित पुन्हा बंगळुरास होते. या वेळी मध्य प्रदेशाचे शिक्षक म्हणून, आणि त्याच मैदानावर. समोर मुंबई, म्हणजे त्यांचे स्वतःचे माहेर. मध्य प्रदेशाने सहा गडी राखून सामना जिंकला आणि प्रथमच रणजी करंडक मिळविला. पंडितांच्या डोळ्यांत पाणी आले होते. तेवीस वर्षांपूर्वी या मैदानावर आपले काही राहून गेले होते, अशा आशयाचे ते त्या दिवशी बोलले. शिक्षक म्हणून रणजीतील त्यांचे हे सहावे यश. पुढे त्यांनी कोलकात्याच्या व्यावसायिक संघाचे शिक्षकपद घेतले, २०२४ साली त्या संघाने आयपीएल जिंकले, आणि २०२५ साली ते तेथून मोकळे झाले. दरम्यान २०२५ च्या मार्चमध्ये विदर्भाने केरळाविरुद्धच्या अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा जिंकला. त्या वेळचे शिक्षक उस्मान घनी हे विदर्भाचेच जुने खेळाडू. देशाकडून खेळलेले नव्हेत. तेव्हा आमच्या मूळच्या गणिताचा निकाल कोणत्याच बाजूने लागत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

तेवीस वर्षे हा आकडा मात्र आमच्या डोक्यातून जाईना. आमचेही तेवढेच राहून गेलेले होते. परंतु कोणी परत त्याच मैदानावर जावे, अशी व्यवस्था सर्वांच्या नशिबी नसते, असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घालीत असू. आणि आमचे मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर होते.

गेल्या माघात एके दिवशी पहाटे फिरावयास गेलो असता मैदानावरून मुलांचा गलका ऐकू आला. दहा-बारा पोरे होती, त्यांत दोन मुलीही. मधोमध तो उभा होता; कानशिलांवर केस पिकलेले, अंगावर कारखान्याचाच निळा सदरा. रात्रपाळी सुटल्यावर घरी न जाता तो थेट येथे येतो, असे मागाहून कळले. एका लहान पोरास तो झेल शिकवीत होता. पोराचे हात ताठ होते. तो खाली उकिडवा बसला, पोराचे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांवर घेतले आणि म्हणाला, “चेंडू नोहे बाबू तो. आंबा हाय. फुटला का माय मारते. मंग कसा घेशीन?” पोर हसले. हात मऊ पडले.

आम्ही कुंपणापाशी किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही. त्याने आम्हांस पाहिले व तो जवळ आला. वाकून नमस्कार केला. आम्ही सत्तावीस वर्षे मनात घोटलेले वाक्य काढले. “भंडाऱ्याच्या त्या दिवशी...” इतकेच बोलता आले.

“कोनता दिवस जी?” तो म्हणाला.

त्यास खरोखर आठवत नव्हते, की आठवत असून तो डाव त्याने आमच्यासाठी राखून ठेवला होता, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. यष्टिरक्षकाचे चेहरे तसे असतातच. तो म्हणाला, “सर, एक मानूस कमी पडते जी. मी पोट्ट्यायचे हात पाहू का चेंडू टाकू? तुमी टाकता का?”

तेव्हापासून आम्ही रोज पहाटे जातो. आमचे काम ठरलेले आहे. बारा पावलांवर उभे राहावयाचे, बादलीतील चेंडू एकेक उचलावयाचा आणि समोरच्या पोराकडे टाकावयाचा. बोलावयाचे काही नाही. ‘असा’ म्हणण्याचीही गरज पडत नाही. पहिल्या दिवशी सांध्यांच्या भीतीने आम्ही चेंडू अगदीच हलका टाकीत होतो. चार-पाच चेंडू झाल्यावर समोरील पोरगी कंटाळली व तिने आपल्या शिक्षकाकडे पाहिले. त्याने तिच्या मागून, यष्टीच्या जागेवरून, आम्हांस हाक दिली, “सर, थोडा जोरानं येऊ द्या जी.”

आम्ही उपरणे काढून कुंपणावर टाकले आणि बादलीतला पुढचा चेंडू उचलला.